काकूने गाडीला जमीन शिवली

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक बातमी फिरत होती. माझी काकू म्हणे काकांना सोडून गाडीत राहायला गेली.

बातमी फोडली कोपऱ्यावरच्या बाईंनी. त्यांना आम्ही सगळे ‘ताज्या बातम्या’ म्हणतो, अर्थात पाठीमागे. त्यांची बातमी ठरलेल्या पद्धतीनं सुटते. आधी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग आवाज इतका खाली की समोरच्याला वाकावंच लागतं, आणि मग, “मी कुणाला सांगत नाही हं, पण...” या ‘पण’च्या पुढचं सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

“मी कुणाला सांगत नाही हं, पण सकाळी गादी नेली तिनं. स्वतःच्या खांद्यावरून! मग उशी नेली. मग थर्मास. आणि गाडीचं दार आतून ओढून घेतलं. या वयात, बाई! आणि तो बिचारा आजारी माणूस खिडकीत बसून बघतोय.”

यात डोळ्यांनी पाहिलेलं एकही खोटं नव्हतं. थर्मास होता. उशी होती. काका खिडकीत बसून बघत होते हेही खरं. फक्त खांद्यावरची गादी ही गादी नव्हती, पातळ फोमची गुंडाळी होती. उशी होती ती गुडघ्यांखाली घ्यायला. आणि दार ओढून घेतलं होतं, कारण करवतीचा भुसा उडून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला असता आणि काकांनी खिडकीतून काठी आपटली असती. काकू गाडीत राहायला गेली नव्हती. गाडीला लॅमिनेटची जमीन करत होती. ती कुणाला सोडून जाण्यासाठी नव्हती, एका माणसाला बरोबर नेण्यासाठी होती. पण एवढी लांब बातमी कोण सांगत बसणार!

तर आता मी सांगते. मला घरात पोपट म्हणतात. मुलगी आहे तरी पोपट. मैना म्हणा म्हटलं, तर कुणी मनावर घेतलं नाही. काका माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. त्यामुळे वरच्या घरातलं प्रत्येक पाऊल आमच्या छतातून मला ऐकू येतं, आणि ते कुणाचं आहे हे मी न बघता सांगते.

काकू म्हणजे तीस-बत्तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेली बाई. कपडे शिवणं कमी, दुरुस्ती जास्त. सैल ते घट्ट, घट्ट ते सैल, लांब ते आखूड. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ती बोलते ती ओठांच्या एका कोपऱ्यातून, बाकीचं तोंड बंद. आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून धंदा बंद केला, टाचण्या डबीत गेल्या, पण बोलणं आहे तसंच राहिलं. “म्म. हे धर. म्म, हलू नको. शर्ट तुझा हलतोय का? मग तू का हलतेस?” हे मी इतकं हुबेहूब करते की एकदा आईनं स्वयंपाकघरातून “आले हो जाऊबाई” म्हणून उत्तर दिलं होतं.

आणि काका. काका लॉन्ड्रीची गाडी चालवायचे. सव्वीस वर्षं तीच एक पांढरी, डब्यासारखी व्हॅन. सकाळी कपडे गोळा करायचे, संध्याकाळी धुऊन, इस्त्री करून पोचवायचे. घराघरासमोर गाडी थांबवून हाक द्यायचे, “कपडे आले होऽऽऽ!” ती हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत शिडी न लावता चढायची. लहानपणी मी जिन्यात उभी राहून ती हाक मारली, तर तीन बायका गाठोडी घेऊन खाली आल्या होत्या. काकांना इतकं हसू आलं की त्यांनी मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम कामावर नेलं.

त्यांची दुसरी खूण म्हणजे घड्या. चादरीची घडी वाकडी दिसली की त्यांना चैनच पडायचं नाही. पाहुणे असोत, डॉक्टर असोत, कुणी चादर चुकीची घालत असलं की काका उठून ती त्यांच्या हातातून काढून घ्यायचे. “कोपऱ्यात कोपरा, कोपऱ्यात कोपरा,” म्हणत चार हालचालींत अशी घडी करायचे की वही वाटावी. काकू म्हणते, “लग्नाआधी मला बघायला आले, तेव्हा माझ्याकडे नाही, टेबलावरच्या कापडाकडे बघत होते. उठून सरळ केलं, मग होकार दिला.”

चौदा महिन्यांपूर्वी काकांना झटका आला. जीव वाचला. उजवा हात बराचसा परत आला, उजवा पाय अर्धा आला, आवाज मात्र आखडून बसला. आता ते बोलतात ते दोन-तीन शब्दांचं, एकेक शब्द खिशातून शोधून काढावा तसं. आमच्या छतातून त्यांचं पाऊल पूर्वी टप-टप-टप जायचं. आता टप-खर्र, टप-खर्र. मी काकांची नक्कल तेव्हापासून केलेली नाही. कुणी नको म्हणालं नव्हतं. माझ्याच तोंडाला ती येईना.

काकांना आणि बाबांना एक थोरली बहीण आहे, तिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो. आठ तासांच्या रस्त्यावर, तळ्याकाठच्या गावात राहते. आई लवकर गेली, तेव्हा काकांना तिनंच वाढवलं. तिला गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही, आणि काकांना सलग दोन तासांवर बसता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दर दोन तासांनी आडवं व्हायचं. बसमध्ये आडवं कोण होऊ देणार? दर रविवारी आक्काचा फोन यायचा, “ये ना रे. यंदा ऐंशी पुरी होतायत. नंतर येऊन कुणाला भेटशील? फोटोला?” काका फोन कानाला धरून नुसतं “हं... हं...” करायचे, आणि मग दिवसभर छतातून एकही पाऊल ऐकू यायचं नाही.

काकूनं हे किती रविवार ऐकलं असेल कोण जाणे. एके दिवशी ती उठली आणि गाडी चालवायच्या क्लासला गेली. एकसष्टाव्या वर्षी! शिकवणारा पोरगा पहिल्याच दिवशी घाबरला, कारण वळणावर ती त्याला म्हणाली, “म्म, हलू नको.” तरी दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली. त्याच सुमारास लॉन्ड्रीनं जुनी व्हॅन काढून टाकायची ठरवली, आणि काकूनं ती घेतली. हीच, काकांची. मेकॅनिकनं ब्रेक बघितले, मागे एक लांब बाक बसवून दिला, त्यावर गादी टाकली की पलंग. काकूनं खिडक्यांना पडदे शिवले. झालं, म्हटलं. आता चला.

काका खाली आले. गाडीकडे बराच वेळ बघत राहिले. मग बाजूच्या सरकत्या दारातून आत चढले. त्या गाडीची जमीन पत्र्याची होती, आणि पत्र्याला उभ्या खाचा आणि उंचवटे होते, कपड्यांच्या जाळ्या त्यात अडकवायला. सव्वीस वर्षं काका त्यावरून डोळे मिटून फिरले असतील. आता उजवा पाय उचलला जात नव्हता. तो पहिल्याच उंचवट्याला अडला आणि काका गुडघ्यावर पडले. लागलं फारसं नाही. पण स्वतःच्या गाडीत, गल्लीसमोर, ‘ताज्या बातम्यां’समोर! ते उठले, काठी घेतली आणि काकूला म्हणाले, “मी नाही. तू जा.”

त्यावर काकूनं वादच घातला नाही. टेप घेऊन आत गेली आणि गाडीच्या जमिनीचं माप घेतलं.

फरशीच्या दुकानात मी तिच्याबरोबर होते. दुकानदार म्हणजे ‘काय आहे ना’. दर वाक्याला काय आहे ना. “काय आहे ना ताई, तुम्हाला टिकाऊ पाहिजे तर हे बघा. काय आहे ना, हे बाहेरून येतं.”

“सगळ्यात स्वस्त कुठलं?” काकूनं विचारलं.

“काय आहे ना, स्वस्तात मग हे उरलेलं आहे. चार बॉक्स. पण काय आहे ना, तिन्ही वेगळ्या रंगाचे आहेत.”

“चार बॉक्स आणि तिन्ही वेगळे?” मी म्हटलं.

“काय आहे ना, दोन सारखे आहेत.”

काकूनं एक फळी हातात घेतली, नखानं खरवडली, कडेनं बघितली. वर लाकडाचा रंग, लाकडाच्या रेषा, गाठीसुद्धा. आणि कडेला बघावं तर दाबलेला भुसा. “म्म. विणलेलं नाही. छापलेलं आहे,” ती म्हणाली. शिंपिणीच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. “पण गुळगुळीत आहे.” मग तिनं फळी खाली ठेवली, चप्पल काढली आणि उजवा पाय त्यावरून ओढत नेला, अगदी काकांसारखा. पाय कुठेच अडला नाही. “द्या चारही,” ती म्हणाली.

मग आमच्या अंगणात जे सुरू झालं ते सुतारकाम नव्हतं. पत्र्यावर मेकॅनिकनं आधीच प्लायवूड ठोकून दिलं होतं, बाकी सगळं काकूचं. तिनं आधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून चिकटवून गाडीच्या जमिनीचा अख्खा कागदी नमुना कापला. चाकांच्या जागी गाडीत दोन्हीकडे गोल उंचवटे येतात. सुतारानं तिथं डोकं धरलं असतं. काकूनं कागद टेकवला, बोटानं कड दाबली, खडूनं रेघ मारली.

“हे काय आहे माहितीये? मुंढा,” ती म्हणाली. “बाहीचा मुंढा. गाडीला दोन मुंढे आहेत. माणसासारखीच आहे.”

फोमची गुंडाळी उलगडली, ते अस्तर. फळ्यांच्या रेषा गाडीच्या लांबीत, तो उभा धागा. एका ओळीचा जोड दुसऱ्या ओळीच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, कारण “चारी शिवणी एका ठिकाणी आल्या की तिथंच उसवतं.” फळीला एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला खाच असते, तिरकी धरून आत घातली आणि खाली दाबली की ‘टक्’ असा आवाज येऊन बसते. ना खिळा, ना गोंद. पहिला ‘टक्’ आला तेव्हा काकू उशीवरून माझ्याकडे बघून अशी हसली, जणू तीस वर्षांत तिची मशीन एकदाही चुकली नसावी.

बॉक्समध्ये एक कागद होता. त्यावर शब्द नव्हते, नुसती चित्रं. एका चित्रात भिंत, भिंतीजवळ फळी, मध्ये बाण आणि ‘१० मिमी’. काकूनं चष्मा वर-खाली केला.

“कडेला दहा मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या इंचाला जरा कमी. अगं, ही तर माया.”

कपडा कापताना मापापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त सोडतात, म्हणजे शिवणीत गेलं तरी पुरतं आणि उद्या माणूस जाड झाला तर सोडवता येतं. त्याला शिलाईत माया म्हणतात. काकूच्या हाताला ती इतकी सवय की तिनं स्वतःच्या नमुन्याच्या चारही कडांना दहा-दहा मिलिमीटर जास्तच कापलं. फळ्या अर्थातच बसेनात. मग कानशीनं घासून, थोडं-थोडं काढत, हातोडीखाली लाकडाचा तुकडा धरून ठोकत ठोकत तिनं प्रत्येक ओळ पत्र्याला टेकवून चपखल बसवली. सुई जाईल एवढीही फट नाही.

“बघ. अंगाबरोबर बसलीये,” ती म्हणाली. मी बघितलं. काय दिसत होती! मध्ये फिकट रंग, कडांना मधला, आणि दाराशी एकच गडद ओळ, काठासारखी. “तो मुद्दाम,” काकू म्हणाली. “त्यांना कळायला नको का पायरी कुठं संपते?” मीसुद्धा खुळ्यासारखी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

चार दिवस गाडी बंद करून उन्हात उभी होती. हवा तापलेली आणि दमट. पाचव्या दिवशी काकूनं काकांना खाली आणलं. ‘ताज्या बातम्या’ योगायोगानं नेमक्या त्याच वेळी दारात झाडू मारत होत्या. काकूनं सरकतं दार ओढलं, “बघा तरी एकदा,” म्हणाली, आणि स्वतःच बघत राहिली.

जमिनीच्या मधोमध, लांबीत, एक उंचवटा आला होता. चांगला चार बोटं उंच. फळ्या एकमेकींना ढकलून वर उठल्या होत्या. काका पुढं झाले. बाहेरूनच त्यांनी काठीचं टोक त्या उंचवट्यावर ठेवलं आणि दाबलं. उंचवटा ‘टप्’ करून खाली गेला. काठी उचलली. ‘टप्’ करून वर आला. त्यांनी पुन्हा दाबलं. टप्. टप्.

“पोट आलंय,” काका म्हणाले.

चौदा महिन्यांत त्यांनी केलेली पहिली कोटी होती ती. मला हसू आलं, पण काकूकडे बघितलं आणि ते गिळलं. ती त्या फुगलेल्या जमिनीकडे बघत नव्हती. काकांच्या उजव्या पायाकडे बघत होती, आणि तो पाय वळून घराकडे निघाला होता. टप-खर्र, टप-खर्र.

दुकानदाराला फोन लावला. “काय आहे ना ताई, ती भुशाची फळी. हवा लागली, ऊन लागलं की फुगते. काय आहे ना, चहूबाजूंनी दहा मिलिमीटर मोकळं सोडायचं असतं तिला पसरायला. चित्र होतं ना कागदावर?”

“मोकळं?” काकू म्हणाली. “म्हणजे जास्त नाही? कमी?”

“काय आहे ना, कमी.”

काकूनं फोन ठेवला. बॉक्समधला कागद पुन्हा उलगडून बघितला, आणि मग मला म्हणाली, “बत्तीस वर्षं लोकांना जास्त सोडत आले. कमी सोडायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही.”

तेव्हा सात तारीख होती. बाराला आक्काची ऐंशी. मला वाईट वाटत होतं आणि मला वाईट वाटलं की मी आगाऊपणा करते. हा माझा जुना रोग. मी म्हटलं, “काकू, सोड आता. काका काही या गाडीत पाय ठेवत नाहीत. एकदा पडले, एकदा पोट बघितलं. तिसऱ्यांदा कशाला येतील?”

“येतील.”

“नाही येणार.”

“लाव पैज,” काकू ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली.

“लावली. काय?”

“ते स्वतःच्या पायांनी आत आले, कुणी हात न धरता, अकराच्या आत, तर तू आठ दिवस कुणाची नक्कल करायची नाहीस. माझी नाही, दुकानदाराची नाही, त्या कोपऱ्यावरच्या बयेची तर मुळीच नाही. तोंड बंद.”

“आणि नाही आले तर?”

“तर मी त्या बयेसमोर मशीनवर बसते, आणि तू माझ्याच तोंडावर माझी नक्कल कर. पोटभर.”

असली पैज मी सोडते होय!

मग काकूनं जमीन उसवायला घेतली, आणि उसवता उसवता तिचा चेहरा बदलत गेला. ना खिळा, ना गोंद. फळी तिरकी उचलली की सुटते. “अगं, हिची शिवण तर ओढली की निघते!” ती म्हणाली. “कच्च्या टाक्यासारखी. छापलेली असली म्हणून काय झालं, गुणाची आहे.” तीन फळ्यांच्या जिभा तुटल्या. त्यांच्या जागी गडद रंगाच्या उरलेल्या लावल्या, त्या ठिगळासारख्या दिसतात. बाकी सगळ्यांच्या कडा तिनं पुन्हा खडूनं आखल्या आणि कापल्या. या खेपेला आत. माझं काम करवतीच्या पुढं फळी दाबून धरायचं, आणि “म्म, तू हलतेस,” हे ऐकून घ्यायचं. भिंतीशी फट राहावी म्हणून ती पेन्सिलीचे तुकडे अडकवायची, ओळ बसली की काढून घ्यायची. फट दिसू नये म्हणून कडेनं बारीक पट्टी, पण ती भिंतीला लावलेली, जमिनीला नाही. “हिला मोकळंच असू दे. हिचा हिला श्वास घेऊ दे,” म्हणाली आणि एवढं बोलून तिला दम लागला. दोन दिवस गाडी उन्हात ठेवली, दारं बंद. मी दर तासाला जाऊन बघत होते. जमीन जागची हलली नाही. मला आनंद झाला आणि पैजेची थोडी काळजीही वाटली. थोडीच, कारण काका खिडकीतून खाली बघतसुद्धा नव्हते.

दहा तारखेला सकाळी काकूनं काकांना नुसतं अंगणात आणलं, उन्हात बसायला. गाडीचं नावच काढलं नाही. खुर्ची ठेवली ती मात्र सरकत्या दारासमोर, चार पावलांवर. दार उघडं. दाराशी एक बसकं रुंद स्टूल, चढायला. काका खुर्चीत बसले आणि मान फिरवून रस्त्याकडे बघू लागले. मी पायरीवर बसून मनातल्या मनात काकूचे ‘म्म’ घासूनपुसून ठेवत होते.

काकू एक मोठी पांढरी चादर घेऊन गाडीत चढली. बाकाशी उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून, आणि चादरीची घडी घालू लागली.

काय घडी ती! एक टोक इथं, एक टोक तिथं. मधेच गोळा. पुन्हा उलगडली, पुन्हा तिरकी दुमडली. बत्तीस वर्षं कापड हाताळलेली बाई चादरीशी अशी झोंबत होती, जणू चादर तिला पहिल्यांदाच भेटली होती. मला काही कळेना. मी हसणार तोच शेजारी काठी आपटली.

“कोपरा,” काका म्हणाले.

काकूला ऐकू गेलं नाही. तिनं चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरलं आणि दुसरं जमिनीवर लोळू दिलं.

“अगं... कोपरा!”

“काय हो?” काकू म्हणाली. वळलीच नाही. आता ती चादर चक्क गुंडाळत होती. टॉवेलसारखी!

काका उठले. “अगं, अगं, अगं,” म्हणत. काठी खुर्चीला टेकलेली राहिली. डाव्या हातानं दाराची दांडी धरली, डावा पाय स्टुलावर, मग गडद पट्टीवर, आणि मग उजवा आत ओढून घेतला. मी नुसती ऐकत होते. टप-सर्र. टप-सर्र. टप-सर्र. ‘खर्र’ कुठे नाहीच. पाय त्या छापलेल्या लाकडावरून असा गेला, की जणू कापडावरून इस्त्री. चौथ्या पावलाला काकांनी काकूच्या हातातून चादर हिसकावून घेतली.

“कोपऱ्यात. कोपरा,” ते म्हणाले, आणि तिच्या हातात दोन टोकं दिली.

दोघांनी मिळून चादर ताणली. चार हालचाली झाल्या. पाचवी लागली, कारण उजवा हात जरा मागं राहिला. घडी झाली ती वहीसारखी. काकांनी ती बाकावर ठेवली, हात फिरवला, आणि तेव्हा कुठं त्यांनी खाली बघितलं. पायांखाली. मग दाराकडे. मग काकूकडे.

“लबाड,” काका म्हणाले.

काकूनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, ओठांचा कोपरा हलवला, आणि माझं तोंड तेवढ्यानं शिवलं गेलं.

अकरा तारखेला सकाळीच निघालो. काकू गाडी चालवते ती कापड कापल्यासारखी, हळू आणि सरळ रेषेत. मागचे सगळे हॉर्न वाजवतात आणि ती म्हणते, “म्म, घाई असेल तर काल निघायचं.” मी मागे जमिनीवर पाय पसरून बसले होते. दर दोन तासांनी गाडी थांबायची, काका उठून टप-सर्र करत बाकावर आडवे व्हायचे, आणि उठल्यावर पहिल्यांदा चादरीची घडी. तिसऱ्या थांब्यावर चहा पिताना त्यांनी मला एकदम विचारलं, “माझी... का करत नाहीस? नक्कल.”

मी काकूकडे बोट दाखवलं.

“आता नाही. आधी,” काका म्हणाले.

याचं उत्तर मी माझ्याच आवाजात द्यायला हवं होतं. तो मला फारसा जमत नाही. मी उरलेला चहा एका घोटात संपवला. काकांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली, उजव्या हातानं.

उतरत्या उन्हात आक्काच्या घरासमोर गाडी उभी राहिली. वरच्या मजल्यावरची खिडकी बंद. काकांनी अर्ध्या घडीतल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, सरकतं दार उघडलं, दांडी धरून गडद पट्टीवर उभे राहिले आणि मला खूण केली. “हाक मार. माझी. कपडे आले.”

माझ्या घशापर्यंत आली होती ती हाक. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. खरंच सांगते, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. मी काकूकडे असं बघितलं, की दगडालाही पाझर फुटला असता.

“पैज म्हणजे पैज,” काकू स्टिअरिंगवरून म्हणाली. “सहा दिवस बाकी आहेत.”

काकांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. मग खिडकीकडे बघून श्वास घेतला आणि स्वतःच हाक दिली. पूर्वीची नव्हती ती. मधेच अडखळली, ‘हो’ ओढता आला नाही, पहिल्या मजल्याशी दमली. “कपडे... आले हो.” एवढीच.

वर खिडकीची कडी खडखडली. आणि आक्काचा आवाज आला, ऐंशी वर्षांचा, खणखणीत, मला आत्तापर्यंत मिळालेला सगळ्यात भारी आवाज, नक्कल करायला नुसता मुरलेला:

“मेल्या, चौदा महिने उशीर! इस्त्री तरी नीट केलीस का?”

आणि मी तोंड मिटून, चादरीची दोन टोकं धरून उभी.